दात असलेली गाडी

फिलोमिना डिमेलो गाडीतून उतरली की काहीतरी फुटणार, हे मला तिच्या गाडीत बसले त्या पहिल्याच सकाळी कळलं.

कळव्याच्या पुलावर एका टेम्पोनं तिच्या गाडीचा आरसा घासला. घासला म्हणजे काय, आरसा दुमडला गेला, एवढंच. मी काच खाली करून तो सरळ करणार, तोवर फिलू उतरून टेम्पोपाशी पोचलीसुद्धा. तिनं खिडकीतून आत हात घातला, टेम्पोची किल्ली उपटली आणि एक शब्द न बोलता खाडीत भिरकावली. चालक खाली उतरला आणि त्यानं तिचे केस धरले. पुढचं मला नीट दिसलं नाही. तिचं डोकं मागे गेलं, पुढे आलं, आणि तो माणूस दोन्ही हातांनी नाक धरून कठड्याला टेकला. बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं. मागे हॉर्नचा गोंगाट. फिलू परत आली, कपाळावरचं रक्त रुमालानं पुसलं (तिचं नव्हतं ते, त्याचं होतं) आणि म्हणाली, "सीटबेल्ट लाव, सावंत. प्रार्थना चुकेल."

डोंबिवलीच्या आमच्या शाळेत ती खेळ शिकवायची, मी मराठी. मी टेंभी नाक्याला राहते, ती माजिवड्याच्या गावठाणात. आमच्याबरोबर विज्ञानाचे निमकर सर असायचे, ते कळव्याला चढत. निवृत्तीला आलेले, शांत, डब्यातली काकडीसुद्धा आवाज न करता खाणारे गृहस्थ. सकाळी तिघांनी एका गाडीतून जायचं, संध्याकाळी एकत्र परतायचं, अशी आमची व्यवस्था होती. मला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, "डिमेलो टीचरबरोबर जातेयस? देव तुझं भलं करो." मला वाटलं होतं, ती फार बोलते म्हणून असं म्हणत असतील.

फिलू बुटकी होती, रुंद खांद्यांची. तरुणपणी हॉकीत गोलकीपर होती आणि चालताना अजूनही तिच्या पायांना पॅड बांधलेत असं वाटायचं. तिचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले शेतकरी. भात पिकवायचे, खाडीत जाळी टाकायचे. घरात त्यांची बोली वेगळी. शाळेत ती आमच्यासारखं बोलायची, पण रागावली की 'मला'चं 'मना' व्हायचं, आणि ते ऐकू आलं की आम्ही गप्प बसायचो.

तिच्या बापाची गोष्ट तिनं मला एकदा मैदानावर, मुलींना धावायला सोडून, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी सांगितली. बाप प्यायचा आणि आईला मारायचा. भाऊ अंगणात जाऊन उभे राहायचे. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्यानं आईचा गळा धरून तिला भिंतीशी दाबलं. आईचे पाय जमिनीवरून उचलले गेले होते. फिलू नववीत होती. कोपऱ्यात हॉकी स्टिक होती. तिनं ती बापाच्या गुडघ्यावर घातली, तो पडल्यावर परत घातली, आणि आईनंच तिला मागून कवेत घेतलं तेव्हा थांबली.

"मेला तोपर्यंत लंगडत होता," फिलू म्हणाली. "डॉक्टरकडे मीच न्यायची. खांद्यावर हात टाकून चालायचा माझ्या."

"तुला काय वाटायचं?"

"माझा हात माझ्याआधी पोचतो, सावंत. काय झालं ते बघायला मी मागून जाते."

हे वाक्य ती नेहमी म्हणायची. त्यात ना बढाई असायची, ना पश्चात्ताप. आपल्याला दमा आहे किंवा गोड चालत नाही, असं माणूस सांगतो त्या सुरात ती ते म्हणायची. पण मुलांवर तिनं कधी हात उगारला नाही. एखाद्या पोरानं फारच डोकं फिरवलं तर ती पायरीवर बसायची आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायची. मुलांना ते माहीत होतं. टीचर हातांवर बसल्या की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची.

तिची गाडी म्हणजे एक पांढरी, जुनी, पाच दारांची छोटी गाडी. तीच रोज शाळेला, तीच बाजाराला, तीच आईला चर्चला न्यायला, आणि वर्षातून चार-सहा वेळा तीच ट्रॅकवर. पुण्याच्या पुढे माळरानावर कुणीतरी एक लहानसा खासगी ट्रॅक बांधलाय. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी हवी तेवढी हाणायची. तिथं येणारी बहुतेक पंचविशीतली मुलं आणि त्यांच्यात ही पन्नाशीला टेकलेली खेळाची बाई. मी एकदा हौसेनं तिच्याबरोबर गेले आणि शेजारच्या सीटवर बसले.

तो अनुभव मला मारहाणीसारखाच आठवतो. सरळ रस्ता संपत आला तरी ती ब्रेक लावेना. माझ्या तोंडून किंकाळी निघणार तेवढ्यात तिनं ब्रेकवर पाय असा रोवला की पट्टा माझ्या छातीत रुतला, डोकं पुढे फेकलं गेलं, आणि ते सावरायच्या आत गाडी वळणात घुसली आणि मी दारावर आदळले. खांदा, बरगड्या, कान. मग दुसऱ्या बाजूला. टायर किंचाळत होते, रबर जळल्याचा वास आत भरला होता. मी फिलूकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. बाळ पाजून झालेल्या आईसारखी ती समोर बघत होती.

गाडी थांबल्यावर मी जुन्या टायरांच्या ढिगाऱ्यामागे जाऊन ओकले. ती पाण्याची बाटली घेऊन आली.

"कशी वाटली?"

"फिलू, मरणाची भीती वाटली."

"इथं समोरून कोण येत नाय," ती म्हणाली. "कोण आडवं घालत नाय, कोण आईवरून शिव्या घालत नाय. सगळा राग गाडीच्या पोटात जातो. घरी जाते तेव्हा माझ्याकडे उरतच नाय."

आता चाकांचं सांगायला हवं, कारण आमचं सगळं भांडण त्यावरून झालं. गाडी वळणात बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरच्या टायरच्या कडेवर सगळा भार येतो. म्हणून ट्रॅकवर जाणारे लोक पुढच्या चाकांची वरची बाजू थोडी आत झुकवून घेतात. वळणात तो टायर मग सपाट बसतो. त्याला कॅम्बर म्हणतात. दुसरं म्हणजे टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं किंचित बाहेर फाकवायची. मग गाडी वळायला उतावळी होते, स्टिअरिंगला नुसतं बोट लावलं तरी आत घुसते. फिलूला हे फार आवडायचं. "गाडीला दात पाहिजेत," ती म्हणायची. बाळकूमला अस्लमभाईचं अलाइनमेंटचं दुकान होतं. तिथं ती खड्ड्यात उतरून स्वतः वाकून बघायची आणि त्याला ओरडायची, "अजून बाहेर! घाबरतोस काय, तुझी गाडी हाय?"

पण तीच गाडी सोमवारी आम्हाला घेऊन मुंब्रा बायपासवरून शीळफाट्याला जायची. त्या रस्त्यावर कंटेनरच्या चाकांनी डांबरात लांबच लांब चर पडलेले. फाकलेली चाकं दिसेल त्या चरात घुसायची. गाडी कधी डावीकडे ओढायची, कधी उजवीकडे. फिलूचे हात सतत तिच्याशी झगडत असायचे. शिवाय टायरांच्या आतल्या कडा खरवडल्यासारख्या झिजत. बाहेरून बघाल तर टायर नवा, आत हात घालाल तर तळहातासारखा गुळगुळीत.

निमकर सरांनी हे एकदा वाकून पाहिलं आणि ते अस्वस्थ झाले. मागच्या सीटवरून त्यांनी नेहमीच्या मृदू आवाजात विषय काढला. "डिमेलो बाई, झुकाव थोडा ठेवलात तरी समजू शकतो. त्यानं झीज हळू होते. पण तोंडं बाहेर फाकवलीत की टायर सतत रस्त्यावर घासत राहतो. पावसात हे धोक्याचं आहे. ट्रॅकहून आल्यावर निदान तेवढं सरळ करून घेत चला."

"एक हलवलं की दुसरं हलतं, सर. परत सगळं पहिल्यापासून. दर वेळी कोण करत बसणार?"

"मग कायमचं मधलं काहीतरी ठेवा."

"मधलं म्हणजे ना ट्रॅकचं ना रस्त्याचं."

"पण आम्ही रोज बसतो हो यात."

"सर, तुम्ही मागे बसता," फिलू आरशात बघत म्हणाली. "मागे बसणाऱ्याला मत नसतं."

सरांनी विषय तिथंच सोडला. मीही तो पुन्हा काढला नाही. फिलूच्या गाडीत दार उघडून उतरता येत होतं, तिच्याशी वाद घालून जिंकता येत नव्हतं.

ऑगस्टमधली सकाळ होती, झिमझिम पाऊस. बायपासच्या चढावर एका जीपनं आम्हाला डावीकडून मागे टाकलं आणि चिखलाचं पाणी आमच्या काचेवर उडवलं. क्षणभर काहीच दिसेना. वायपर फिरला, आणि पुढं जीपमधला माणूस खिडकीतून हात काढून काहीतरी खूण करत होता.

"फिलू, जाऊ दे," मी म्हटलं.

"मना दाखवतो?" ती म्हणाली, आणि मला कळलं की आता काही उपयोग नाही.

तिनं गिअर खाली आणला. ट्रॅकवर पाहिलेलं सगळं मी पुन्हा अंगावर अनुभवत होते, फक्त इथं समोरून ट्रक येत होते. उतारावरच्या वळणात ती जीपच्या बाजूला आली. त्याच क्षणी उजवं चाक पाण्यानं भरलेल्या चरात शिरलं. स्टिअरिंग तिच्या हातातून हिसकावल्यासारखं फिरलं. तिनं ते परत ओढलं, पण टायरांना आतून नक्षीच उरली नव्हती. गाडी पाण्यावर उचलली गेली आणि आडवी झाली. मला डोंगराची कडा दिसली, मग रस्ता, मग पुन्हा कडा. मग काँक्रीटची भिंत. पत्रा फाटल्याचा आवाज माझ्या दातांतून गेला. खरंच गेला, खालचे पुढचे दोन दात मी मागाहून रुमालात थुंकले.

गाडी थांबली तेव्हा निमकर सर पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये घडी पडल्यासारखे अडकले होते. गळ्याजवळचं हाड कातडीखाली वर आलं होतं. चेहऱ्यात काचा. ते ओरडत नव्हते. प्रत्येक श्वासाला लहानसा 'अं' असा आवाज करत होते, आणि मला ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. फिलूला खरचटलंही नव्हतं. ती उतरली, मागचं दार उघडेना म्हणून तिनं कोपरानं काच फोडली, सरांना पाहिलं, आणि वळून आपलं कपाळ गाडीच्या पत्र्यावर आपटलं. एकदा, दोनदा. मी तिला मागून धरलं तेव्हा थांबली. जीप केव्हाच निघून गेली होती.

कळव्याच्या इस्पितळात सरांची बायको आली. नऊवारी नेसणारी, किडकिडीत, उभ्या जन्मात कुणाला 'अरे' म्हटलं नसेल अशी बाई. तिनं नवऱ्याला पाहिलं, बाहेर आली, 'डिमेलो कोण?' असं विचारलं आणि फिलूच्या थोबाडीत मारली. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. मी फिलूच्या हातांकडे बघत होते. ते तिच्या बाजूला लोंबत होते.

"अजून एक मारा, काकू," फिलू म्हणाली.

काकूंनी मारली. मग त्याच फिलूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या.

गाडी दुरुस्त व्हायला बरेच दिवस गेले. आली त्या शनिवारी फिलूनं मला घरून घेतलं, मग कळव्याला जाऊन गळ्यात झोळी बांधलेल्या निमकर सरांना अक्षरशः हात धरून खाली आणलं. सर पुन्हा गाडीत बसायला तयार झाले हेच मला नवल. आम्ही अस्लमभाईकडे गेलो. गाडी मशीनवर चढली तरी तिनं आम्हाला उतरू दिलं नाही.

"टीचर, यांना बाहेर बसवा की, चहा मागवतो," अस्लमभाई म्हणाला.

"नाय. ही गाडी रिकामी कधी चालते? ट्रॅकवर मी एकटी असते ते किती दिवस? बाकीचं वर्षभर हे दोघं आत असतात. यांच्या वजनासकट लाव."

मग तिनं एकेक सांगितलं. पुढच्या चाकांचा झुकाव राहू दे, पण पूर्वीच्या निम्मा, दोन्हीकडे अगदी सारखा. टो शून्य, तोंडं ना आत ना बाहेर. मागची चाकं कंपनीनं दिली तशी, किंचित आत, कारण त्यानं शेपूट जागेवर राहतं. आणि टायर दर महिन्याला आत हात घालून तपासायचे. अस्लमभाई नट फिरवत होता, ती पडद्यावरचे आकडे बघत होती. मध्येच तिनं मागच्या खिडकीपाशी येऊन विचारलं, "सर, चालेल?"

निमकर सरांनी विचारलं, "मला मत आहे का?"

"आहे."

"मग चालेल."

परतताना मी तिला चिडवलं, "काढले म्हणायचे दात."

"काढले नाय," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवायला शिकवलं."

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती ट्रॅकवर जाऊन आली. गाडी वळणात पूर्वीइतकी घुसत नाही, एका मिसरूड न फुटलेल्या पोरानं मागे टाकलं म्हणाली. पण त्याला हाणावंसं वाटलं का, असं मी विचारलं तेव्हा तिला हसू आलं.

पुढे माणकोलीवरून डोंबिवलीला जाणारा पूल झाला आणि आमचा रस्ता बदलला. त्या पुलाच्या अलीकडे, भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या फाट्यावर, आणखी एक घटना घडली. गंमत अशी की त्या सकाळी फिलूनं काहीच केलं नव्हतं. एका मोठ्या काळ्या गाडीनं आम्हाला जवळजवळ कठड्यात ढकललं. फिलूनं ब्रेक लावला, बाजूला झाली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसली. आणि मागच्या सीटवरून निमकर सरांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि आईवरून अशी एक शिवी हासडली की मला क्षणभर वाटलं, गाडीत चौथं कुणीतरी आहे.

"सर! तुम्ही पण?" फिलू म्हणाली.

"खांदा दुखतो हो अजून," सर म्हणाले. ते पांढरेफटक पडले होते.

काळी गाडी पुढे जाऊन आडवी थांबली. तीन तरुण उतरले. एकाच्या हातात लोखंडी सळई होती, दुसऱ्याच्या हातात क्रिकेटची बॅट. पहिल्याच फटक्यात समोरच्या काचेवर जाळं पसरलं. दुसरा माझ्या बाजूनं आला आणि बॅटनं खिडकी फोडली. काचेचे तुकडे माझ्या मांडीवर, केसांत. तिसरा मागचं दार ओढत होता आणि सर दोन्ही हातांनी ते आतून धरून होते. मी फिलूकडे बघत होते. आता ही उतरणार, मला वाटत होतं. उतर, असंही वाटत होतं, हे खरं. त्या पोरांना ती कोण आहे हे माहीत नव्हतं.

फिलू उतरली नाही. तिनं रिव्हर्स टाकला. त्याच वेळी सळईवाला तिच्या खिडकीशी आला आणि काच फोडून त्यानं सळई पुन्हा आत खाली आणली. स्टिअरिंगवरच्या तिच्या उजव्या मनगटावर ती बसली. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. फिलूच्या तोंडून एक मोठा हुंकार निघाला आणि गाडी मागे उसळली. मागचं दार धरलेला पोरगा फरफटत गेला आणि सुटला. तिनं डाव्या हातानं पहिला गिअर टाकला, त्याच हातानं स्टिअरिंग फिरवलं, काळ्या गाडीच्या आणि कठड्याच्या मधल्या फटीत आमची गाडी घातली. दोन्हीकडून पत्रा खरवडत निघाला आणि आम्ही पुलावर आलो.

"सावंत! मी क्लच दाबते, तू दुसरा टाक!"

"मला येत नाही!"

"मागे ओढ! सरळ मागे! आता तिसरा, वर, वर! अगं वर म्हणजे वर!"

मी रडत गिअर टाकत होते. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, मनगटाच्या पुढचा पंजा भलत्याच दिशेला बघत होता. फुटक्या काचेतून वारा तोंडावर आदळत होता. एका हातानं ती गाडी सुसाट नेत होती आणि गाडी नाकासमोर चालली होती. पूर्वीच्या फाकलेल्या चाकांवर हे जमलंच नसतं, असं सर मागाहून म्हणाले. ती स्वतः याबद्दल कधी बोलली नाही.

डोंबिवलीच्या इस्पितळात तिला आत नेण्याआधी मी विचारलं, "उतरली का नाहीस?"

तिचे ओठ निळे पडले होते. "उतरले असते तर तुम्ही दोघं आत राहिला असतात."

पोरं पकडली गेली. ओळख पटवायला आम्हाला पोलीस ठाण्यात बोलावलं. सळईवाला जेमतेम पंचविशीचा होता, स्वच्छ दाढी केलेला. त्याची आई बाकावर पदर तोंडात धरून बसली होती. तो फिलूसमोर हात जोडून म्हणाला, "मॅडम, चुकलं. रागाच्या भरात झालं."

फिलूच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर होतं. तिनं डाव्या हातानं त्याच्या कानाखाली अशी लगावली की तो टेबलावर पडला आणि कागद उडाले. साहेब खुर्चीतून उठले.

"हीपण रागाच्या भरात," फिलू म्हणाली आणि बसली. "आता लिहा. हाच तो."

निमकर सर खाकरले. "साहेब, माझंही लिहून घ्या. पहिली शिवी मी दिली होती."

"सर, गप्प बसा," फिलू म्हणाली.

"नाही बाई. घ्या लिहून."

मनगटात धातूच्या पट्ट्या बसवल्या, हाड जुळलं, पण हात पुरता वळेना. व्यायाम झाले, शेक झाले. खडू धरता यायचा, शिट्टी धरता यायची, स्टिअरिंग धरून शाळेपर्यंतही येता यायचं. पण ट्रॅकवरच्या वळणात चाक ज्या ताकदीनं हात मागतं, तेवढा हात उरला नव्हता. ती एकदा जाऊन आली. एकटीच गेली होती. सोमवारी मी विचारलं, कसं झालं. "दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वळणाला गाडी सुटली, मातीत गेली," एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी तिनं शाळा सोडली. वसईच्या बाजूला तिच्या बहिणीचं घर आहे, तिथल्या एका शाळेत ती मुलींना हॉकी शिकवते. फोन करते. परवा सांगत होती, एका मुलीनं मैदानात दुसरीच्या नडगीवर मुद्दाम स्टिक मारली. "मी तिला बाजूला घेतलं आणि शेजारी बसवलं. काय बोलायचं सुचेना, सावंत. दोघी नुसत्याच बसलो." निमकर सर निवृत्त झाले. खटला चालू आहे, तारखा पडतात, आम्ही तिघं तेवढ्यापुरते भेटतो.

ती जाण्याआधीचा एक रविवार मात्र सांगायला हवा. सकाळी सकाळी तिचा फोन आला, "अस्लमकडे चल." मी गेले तेव्हा गाडी मशीनवर चढलेलीच होती. ती खड्ड्याच्या कडेला उभी होती.

"सगळं कंपनीच्या आकड्यांवर आण," तिनं त्याला सांगितलं.

"झुकावपण, टीचर? तो राहू द्या की थोडा. कधी जावंसं वाटलं तर..."

"झुकावपण. सरळ उभी कर चाकं."

त्यानं नट सैल केले. चाकं हळूहळू उभी झाली. पडद्यावरचे आकडे एकेक करून हिरवे झाले, आणि फिलू ते शेवटचा आकडा हिरवा होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं भिंतीशी रचलेल्या टायरांना लाथ घातली. रास कोसळली, एक टायर घरंगळत रस्त्यावर गेला, एक रिक्षा करकचून थांबली. अस्लमभाई रस्त्यावर जाऊन तो टायर घेऊन आला. फिलू लाथा घालत राहिली. ती रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. तेही ती मारामारी करावी तसंच करत होती, दात-ओठ खाऊन, सगळ्या अंगानं.

थकल्यावर तिनं तोंड धुतलं आणि आम्ही निघालो. काही काम नसताना ती माणकोलीच्या दिशेला वळली. रविवारी सकाळी पूल रिकामा होता, खाली खाडीला ओहोटी लागली होती. पुलाच्या मध्यावर तिनं आधी वाकडा हात स्टिअरिंगवरून काढला, मग चांगला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ चालत राहिली.

"बघ," फिलू म्हणाली. "हिला माझी गरजच नाय."

समोरून एक ट्रक येत होता. पूल संपेपर्यंत तिनं हात परत स्टिअरिंगवर ठेवले नाहीत, आणि मीही तिला ठेव म्हणाले नाही.